राजीखुशीने

नांदगावच्या तहसील कचेरीजवळ मी 1988 पासून दस्त लिहितो. आधी हाताने लिहायचो, मग टाइपरायटर घेतला, आता पोरगा कॉम्प्युटरवर टाइप करतो आणि मी शेजारी बसून मजकूर सांगतो. खरेदीखत, भाडेकरार, प्रतिज्ञापत्र, बक्षीसपत्र, सगळंच. पण सगळ्यात जास्त काय लिहिलं असेल तर हक्कसोडपत्र. त्यातलं एक वाक्य मला झोपेतही म्हणता येईल: मी माझा हक्क राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता कायमचा सोडून देत आहे.

हे वाक्य कोणासाठी लिहिलं जातं, हे सांगायला नको. बाप जातो. चाळीसएक दिवस होतात. तलाठ्याकडे वारस नोंद होते, सातबाऱ्यावर भावांबरोबर बहिणींची नावं लागतात. मग एखाद्या सकाळी भाऊ बहिणींना गाडीत घालून घेऊन येतात. कुणी येवल्याहून आलेली, कुणी चाळीसगावहून. कडेवर पोर, हातात पिशवी. बहिणी बाकावर बसतात, भाऊ माझ्याशी बोलतात. आधार कार्डांच्या झेरॉक्स भाऊच देतात. मी विचारतो, नाव काय लिहायचं? उत्तर भाऊच देतात. मग दुय्यम निबंधकांसमोर फोटो, अंगठा, सही. अधिकारी नियमाप्रमाणे विचारतात, मजकूर मान्य आहे का? बहीण मान हलवते. काम झाल्यावर भाऊ सगळ्यांना भजी आणि चहा देतो, बहिणीला एखादा ड्रेस घेऊन देतो. बहीण संध्याकाळच्या गाडीने सासरी जाते.

या एका बाबतीत माझ्या टेबलावर हिंदू-मुस्लिम असा भेद कधी दिसला नाही. महाराष्ट्राने 1994 साली हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, 2005 साली तो देशभर झाला. मुस्लिम मुलीचा हिस्सा तर चौदाशे वर्षांपूर्वीच ठरलेला. दोघींच्याही हातात हक्क होता, आणि दोघीही माझ्या बाकावर बसून मान हलवत होत्या.

मी हे सगळं दुसऱ्यांचं असल्यासारखं सांगतो आहे. खरं म्हणजे मला माझंच सांगायचं आहे.

माझे अब्बा रेल्वेत गँगमन होते. ड्यूटीहून आले की शेतात जायचे. नांदगाव तालुका पावसाच्या बाबतीत कायम हात राखून असतो. बाजरी, मका, कधी पाऊस बरा झाला तर कांदा. सहा एकर जिरायत, त्यात एक विहीर, तीही उन्हाळ्यात तळ दाखवणारी. अब्बा कायद्याला फार जपणारे. रेल्वेचा माणूस असूनही विना तिकीट कधी मनमाडलासुद्धा गेले नाहीत. पास घरी विसरला तर रांगेत उभे राहून तिकीट काढायचे. आम्ही हसायचो. ते म्हणायचे, सरकारचा रुपया बुडवला तर माफी मागायला कोणाच्या दारात जाऊ?

अम्मी आम्ही लहान असतानाच गेली. मी नऊ वर्षांचा, धाकटा भाऊ सहाचा, छोटी तर तीनच वर्षांची. आपा तेव्हा तेरा वर्षांची होती. तिची शाळा त्याच वर्षी सुटली. पुढची सात वर्षं आमच्या घरातली चूल तिच्या हातात होती. माझ्या दहावीच्या परीक्षेला पहाटे उठून भाकरी करून देणारी तीच. मग तिचं लग्न झालं, येवल्याकडच्या शेतकरी घरात. छोटीचं पुढे चाळीसगावला झालं.

1998 साली अब्बा गेले. 1999 मध्ये मी बहिणींचं हक्कसोडपत्र लिहिलं. दुसऱ्या कुणाकडे कशाला जायचं, घरचाच दस्त लिहिणारा होता. मजकूर मी रात्रीच तयार करून ठेवला होता. सकाळी आपा आणि छोटी आल्या, जेवल्या, कचेरीत गेल्या, सही केली. मुद्रांक किरकोळ रकमेचा होता, कारण कायद्याने बहिणीला भावासाठी हक्क सोडणं अगदी स्वस्त करून ठेवलं आहे. राजीखुशीने हा शब्द मी त्या दोघींना भेटण्याआधीच लिहून ठेवला होता, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

आम्ही दोघा भावांच्या नावे तीन-तीन एकर झालं. शरियतच्या हिशेबाने सहा एकरांचे सहा भाग व्हायला हवे होते. मुलाचे दोन, मुलीचा एक. म्हणजे आम्हाला दोन-दोन एकर, आपाला एक, छोटीला एक. हा हिशेब मला तेव्हाही येत होता. दुसऱ्यांच्या वारशाचे हिशेब तर मी रोज कागदावर मांडत होतो.

मनाला समजावायला कारणं पुष्कळ होती. तीच, जी सगळ्या घरांत असतात. लग्नात खर्च केला. बहिणींचं सासर बरं आहे. जमिनीचे तुकडे पडतील, तुकडेबंदीचा कायदा आहे. ईदला ईदी जाते, बाळंतपणाला माहेर आहे. आणि त्यांनी कुठे मागितलं? यातली तुकड्यांची सबब तर माझ्यासारख्या माणसाने काढणं लाजिरवाणं होतं. सामाईक खात्यावर बहिणींची नावं राहू शकतात, किंवा किंमत ठरवून पैसे देता येतात, हे मला माहीत होतं. पण सबब खरी असावी लागत नाही, सोयीची असली की पुरते.

पंचवीस वर्षं अशीच गेली. 2021 च्या उन्हाळ्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत छोटी गेली. तिच्या मातीलाही नीट जाता आलं नाही.

2024 च्या हजसाठी मी आणि माझ्या बायकोने अर्ज भरला, आणि नंबर लागला. घरात आनंद झाला. रिवाजाप्रमाणे मी एकेकाला भेटून कहा-सुना माफ करून घ्यायला लागलो. मोहल्ल्यातले झाले, कचेरीतले झाले, ज्यांच्याशी बरीच वर्षं बोलणं नव्हतं त्यांच्याही दारात गेलो. शेवटी आपाकडे गेलो. मनमाडला बस बदलून येवल्यापर्यंत जाताना मनात काहीच नव्हतं. आपा तर माफ करणारच.

तिने जेवायला वाढलं. जेवण झाल्यावर मी म्हटलं, "आपा, हजला चाललोय. माझ्याकडून काही चुकलं असेल, काही बोललो असेन, तर माफ कर."

ती म्हणाली, "बोलण्याचं काय, ते कधीच माफ आहे. तू माझ्या हातचा वाढलेला."

मग थोडा वेळ ती गप्प बसली. ताट उचलायला वाकली आणि वाकल्या वाकल्याच म्हणाली, "फक्त अब्बांच्या जमिनीचं मला विचारू नको. ते माफ आहे असं म्हटलं तर खोटं होईल, आणि तू हजला जाताना मी खोटं कशाला बोलू?"

मी म्हटलं, "आपा, तू तर सही केली होतीस."

"केली होती. तू कागद समोर ठेवलास, बोट ठेवून जागा दाखवलीस, मी सही केली. तू विचारलं कुठे होतंस?"

ती रागावलेली नव्हती. तिने ताट मोरीत नेऊन ठेवलं, चहा टाकला. जाताना माझ्या नातीसाठी शेंगदाण्याचे लाडू दिले. परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसलो होतो. माझ्या हातून लिहिली गेलेली शेकडो हक्कसोडपत्रं डोळ्यांपुढून जात होती. त्या प्रत्येक कागदावर कायद्याला हवं ते सगळं होतं. साक्षीदार होते, फोटो होते, अंगठे होते. विचारलेलं मात्र कोणालाच नव्हतं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, आपा आत्ता कशाला हे काढते. ती म्हणाली, "माझ्या भावांनीही मला विचारलं नव्हतं. तो कागद तुम्हीच लिहिला होता." हेही मी विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी इशाच्या नमाजनंतर मौलानांना भेटलो. ते माझ्यापेक्षा वयाने लहान आहेत, पण त्यांनी मला आडपडदा न ठेवता सांगितलं. बहिणीला तिचा हिस्सा किती हे माहीत असेल, तो तिच्या ताब्यात आला असेल, आणि मग तिने आपल्या मनाने भावाला दिला असेल, तर ती देणगी. समाजाच्या लाजेने किंवा माहेर तुटेल या भीतीने केलेल्या सहीने हक्क संपत नाही, तो भावाच्या डोक्यावर कर्ज म्हणून राहतो. अल्लाहचा हक्क अल्लाह माफ करील, पण हुकूकुल इबाद, माणसाचा माणसावरचा हक्क, तो ज्याचा आहे त्यानेच माफ करायचा असतो.

मग त्यांनी एक हदीस सांगितली. ती मी पूर्वीही ऐकली होती, पण तिचा पत्ता माझ्या घराचा आहे हे त्या रात्री कळलं. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांच्याकडून आलेली ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. दोन माणसं एका मिळकतीचा वाद घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आली. प्रेषितांनी त्यांना जे समजावलं त्याचा आशय असा, की मीही एक माणूसच आहे. तुमच्यातला एखादा बोलण्यात जास्त हुशार असेल आणि त्याचं ऐकून मी त्याच्या बाजूने निकाल देईन. पण त्यात त्याच्या भावाचा हक्क गेला असेल, तर त्याने तो घेऊ नये, कारण मी त्याला आगीचा तुकडा तोडून दिलेला असेल.

मी कितीतरी वेळ याचा विचार करत होतो. यापेक्षा मोठं न्यायालय जगात झालं नाही. तिथला निकालसुद्धा दुसऱ्याचा माल हलाल करत नाही, तर दुय्यम निबंधकाच्या शिक्क्याने माझ्या बहिणीची एकरभर जमीन मला हलाल कशी होईल? कायदा कागद पाहतो. त्याला मन पाहता येत नाही, आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही नाही. मन पाहण्याचं काम माझं होतं.

वारशाच्या आयती कशा उतरल्या, तेही मौलानांनी आठवून दिलं. उहुदच्या लढाईत हजरत साद बिन रबी (रजि.) शहीद झाले. त्यांच्या भावाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. त्या काळच्या अरबी रिवाजात त्याने काहीच चुकीचं केलेलं नव्हतं, कारण वारसा हत्यार उचलणाऱ्या पुरुषांचा मानला जायचा. सादची बीवी दोन मुलींना घेऊन प्रेषितांकडे आली. मुलींकडे काहीच उरलं नाही, यांची लग्नं कशी व्हायची, असं तिने विचारलं. त्यानंतर सूरह निसामधल्या वारशाच्या आयती उतरल्या. प्रेषितांनी त्या भावाला बोलावून सांगितलं, दोन तृतीयांश मुलींना दे, आठवा हिस्सा त्यांच्या आईला दे, उरेल ते तुझं. म्हणजे आपल्या वारसा कायद्याची सुरुवातच एका बाईच्या तक्रारीने झाली. ती तक्रार प्रचलित रिवाजाविरुद्ध होती, आणि ज्याच्याविरुद्ध होती तो रिवाज पाळणारा साधा माणूस होता. त्या गोष्टीत मी नेहमी स्वतःला ऐकणाऱ्यांमध्ये धरत आलो. त्या रात्री कळलं की मी सादचा भाऊ आहे.

मी धाकट्या भावाला बोलावलं. म्हटलं, आपण दोघांनी मिळून बहिणींचं देऊन टाकू. आपाला तिचं एकर, छोटीचं तिच्या वारसांना.

तो म्हणाला, "भाई, पंचवीस वर्षांनी हे उकरून काय मिळणार? कागद पक्का आहे, तुम्हीच लिहिला आहे. कोर्टात गेले तरी तीन वर्षांची मुदत केव्हाच संपली."

मुदतीचं तो बरोबर बोलत होता. त्याचा मुलगा वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणाला, "मोठे अब्बा, 1937 च्या शरियत कायद्याच्या दुसऱ्या कलमात शेतजमीन वगळलेली आहे." तोही बरोबर बोलत होता. तेव्हा शेतजमीन प्रांतांच्या अखत्यारीतला विषय होता, म्हणून ती केंद्राच्या त्या कायद्यातून बाहेर राहिली. पण तो कायदा कशासाठी झाला होता? रूढीच्या नावाखाली मुस्लिम बाईचा वारसा बुडत होता, तो तिला मिळावा ही त्यामागची एक मोठी मागणी होती. बाईला हक्क देण्यासाठी केलेल्या कायद्यातलं एक कलम आम्ही आपाचा हक्क न देण्यासाठी वापरत होतो.

मी भावाला आठवण करून दिली. एप्रिल 1985 मध्ये शाहबानो खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, तेव्हा आम्ही दोघेही विशीतले होतो. शरियतमध्ये हात घालू देणार नाही, अशा घोषणा देत सभांना गेलो होतो. त्या सभांत बरोबर काय आणि चूक काय, हा वाद मी इथे काढत नाही. मी एवढंच म्हटलं, "तेव्हा आपण म्हणत होतो, देशाचा कायदा बाजूला ठेवा, आम्हाला शरियत हवी. आज शरियत आपल्याकडे एक एकर मागते आहे, तर आपण म्हणतो देशाचा कायदा आमच्या बाजूने आहे."

तो काही बोलला नाही. उठून गेला.

मी त्याला दोष देत नाही. पंचवीस वर्षं मीही तेच करत होतो. पण तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळते आहे, आणि ती सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

कायदा आणि न्याय यांचं जमत नाही, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. सोलापूरच्या चार हुतात्म्यांची गोष्ट आपण मुलांना सांगतो. 1930 च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, इंग्रजांनी मार्शल लॉ लावला, खटला चालला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. सगळं रीतसर झालं होतं, कायद्याप्रमाणे. आज त्या न्यायाधीशाचं नाव कुणाला आठवत नाही, चौकाला मात्र हुतात्म्यांचं नाव आहे. आणि इतकं लांब तरी कशाला जा? आमच्या शेजारचं मालेगाव. 8 सप्टेंबर 2006, शुक्रवार, शब-ए-बरातचा दिवस. बॉम्बस्फोट झाले, आपली माणसं मेली, आणि आपल्याच नऊ जणांना धरलं. त्यातले सात जण नोव्हेंबर 2011 मध्ये जामिनावर बाहेर आले. एप्रिल 2016 मध्ये विशेष न्यायालयाने आरोपमुक्त केलं. अटकही कायद्याने झाली आणि सुटकाही कायद्याने. मधल्या वर्षांचं काय, याचं उत्तर कायद्यात कुठल्या कलमात नाही.

अशा वेळी आपण म्हणतो, नुसता कायदा पुरेसा नाही, आम्हाला न्याय हवा. आणि ते म्हणणं खरं आहे, ते म्हणत राहिलंच पाहिजे. सरकारच्या कायद्याने आपल्यावर अन्याय झाला तर वकील करावा, अर्ज करावा, सभा घ्यावी, वर्षानुवर्षं लढावं.

पण तिथे आपण दुबळ्या बाजूला असतो. दुबळ्याला न्याय आपोआप आठवतो. घरात मात्र आपल्यातला प्रत्येक भाऊ सरकार असतो. तिथे कागद त्याच्या हातात, साक्षीदार त्याचे, भाषाही त्याची. बाकावर बसून मान हलवणारी बहीण म्हणजे कचेरीत हात जोडून उभं राहिलेले आपणच. कायदा माझ्याविरुद्ध असताना न्याय मागणं कठीण नाही. कायदा माझ्या बाजूने असताना न्याय करता येतो का, हा खरा सवाल आहे. सूरह निसामध्येच श्रद्धावंतांना न्यायावर ठाम उभं राहण्याचा हुकूम आहे, मग साक्ष स्वतःच्या, आईबापांच्या किंवा नातेवाइकांच्या विरुद्ध जाणारी का असेना. त्यात पहिलं नाव स्वतःचं आहे.

याचा अर्थ कायदा मोडायचा असा मुळीच नाही. माझं पोट कायद्याच्या कागदांवर भरतं. कायदा नसता तर बहिणीचं नाव सातबाऱ्यावर लागलंही नसतं. अब्बांचं तिकीट काढणं मला आजही बरोबर वाटतं. फक्त एवढं कळलं, की कायदा सांगतो तो उंबरठा आहे. आपण उंबरठ्यावर बसूनच घरात आल्याचं समाधान मानतो.

मी माझ्यापुरतं ठरवलं. भावाच्या वाट्याचं मी देऊ शकत नव्हतो. आपाच्या एकरातले वीस गुंठे माझ्याकडे होते, छोटीच्या एकरातलेही वीस. मी आपाला म्हटलं, बाजारभावाने पैसे देतो. ती म्हणाली, "पैसे खर्च होतील. अब्बांच्या सातबाऱ्यावर माझं नाव लाव."

मग मी जन्मात पहिल्यांदा उलट्या दिशेचा कागद लिहिला, भावाकडून बहिणीला बक्षीसपत्र. आपा सासरकडून शेतकरी खातेदार आहे, म्हणून शेतजमीन तिच्या नावावर व्हायला अडचण आली नाही. तुकडेबंदीचंही पाहिलं. 2023 मध्ये शासनाने जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र वीस गुंठे केलं आहे, त्यात ते बसलं. आपल्यात तोंडी हिबाही चालतो, पण मला सातबाऱ्यावर नाव हवं होतं. मुद्रांक शुल्काचा आकडा काढला तेव्हा मात्र हसू आलं. बहिणीने हक्क सोडला तेव्हा मुद्रांक किरकोळ. भावाने तोच हक्क परत दिला तर बाजारमूल्यावर शुल्क. कायद्याला वाटतं, बहिणीने सोडणं ही घरातली साधी गोष्ट आणि भावाने देणं हा मोठा व्यवहार. कायदा शेवटी आपल्याकडे पाहूनच शिकतो. शुल्क भरलं, पावती फाईलला लावली.

छोटीच्या वीस गुंठ्यांची किंमत ठरवून तिच्या वारसांना दिली. मेव्हण्यांना चौथा हिस्सा, उरलेलं मुलांना, मुलाला दोन तर मुलीला एक. छोटीच्या मुलीने पैसे हातात घेतले आणि विचारलं, "मामू, अम्मीला हे माहीत होतं का?" मी खरं ते सांगितलं. तिला माहीत होतं, पण तिने कधी मागितलं नाही, आणि मी कधी दिलं नाही. आता मला तिची माफी मागता येत नाही. दुआ करता येते, ती करतो.

हे सगळं हजच्या पैशांतून झालं. त्या वर्षी आम्ही गेलो नाही, अर्ज रद्द केला. काही लोकांना वाईट वाटलं, काहींनी नावं ठेवली. मौलाना म्हणाले, आधी कर्ज, मग हज. बायकोने विषय वाढवला नाही. पैसे पुन्हा साठवतो आहोत.

आपाचं नाव लागलेला सातबारा मी स्वतः तिला नेऊन दिला. तिला वाचता फारसं येत नाही, पण अब्बांचं नाव मोठ्या अक्षरात ओळखते. तिने ते बोटाने शोधलं, मग स्वतःचं. मी म्हटलं, "आपा, पंचवीस वर्षं मी हे पीक खाल्लं, त्याचाही हिशेब करू का?"

ती म्हणाली, "तो माफ. तो मी मनाने माफ केला."

राजीखुशीने हा शब्द मी आयुष्यभर लिहिला. तो ऐकला तेव्हा असा.

भावाकडचे वीस-वीस गुंठे अजून त्याच्याकडेच आहेत. आमचं बोलणं बंद नाही. ईदला तो येतो, शीरखुर्मा खातो, जमिनीचा विषय निघत नाही. मी काढत नाही असं नाही, वर्षातून एकदा काढतो. गेल्या बकरी ईदला त्याने पहिल्यांदाच विचारलं, आपाला पैसे चालतील का? मी म्हटलं, तिलाच विचार. अजून त्याने विचारलेलं नाही.

माझ्या कामात मी एक बदल केला आहे. हक्कसोडपत्र लिहून द्यायला मी नाही म्हणू शकत नाही, ते कायदेशीर आहे आणि मी नाही लिहिलं तर शेजारचा लिहील. पण आता मी भावांना म्हणतो, तुम्ही समोर चहा घेऊन या, मला दहा मिनिटं लागतील. ते गेले की बहिणीला विचारतो, "बेटी, तुझा हिस्सा किती येतो, माहीत आहे का?" बहुतेकींना माहीत नसतं. मी कागदावर आकडा लिहून दाखवतो, एवढे एकर, एवढे गुंठे. मग विचारतो, "आता सांग, सोडायचा आहे का?"

बहुतेकजणी तरीही सोडतात. माहेर तुटण्याची भीती खोटी नाही, ती माझ्या एका प्रश्नाने जात नाही. काही भावांना हे कळलं आणि ते आता माझ्याकडे येत नाहीत. पण दोघी-तिघी अशा निघाल्या, की आकडा पाहिल्यावर त्यांनी कागद बाजूला सरकवला आणि म्हणाल्या, घरी जाऊन बोलते. त्यातल्या एकीचे भाऊ चहा घेऊन परत आले, त्यांनी तो आकडा पाहिला, एकमेकांकडे पाहिलं, आणि त्यातला थोरला म्हणाला, "राहू द्या चाचा. नावं आहेत तशीच राहू द्या."

त्या दिवशी लिहिण्याचे पैसे मी घेतले नाहीत. लिहिलं तरी काय होतं?